रस्त्याने बसावे, पाणी प्यावे

लांबच्या खेपेसाठी रस्ता निवडायचा असेल तर आमच्या तालुक्यात रस्त्यांना मुलाखतीला बोलावतात. मुलाखती गुरुवारी सकाळी दहा वाजता मोटारमालक संघाच्या कार्यालयात होतात. रस्ता पूर्ण येत नाही, ते शक्यही नाही. तो आपले पहिले दोनशे मीटर पाठवतो. ते नीट घडी घालून बाकावर बसतात आणि उरलेल्या रस्त्याच्या वतीने उत्तरं देतात. पाहुण्यावर कुणाचा पाय पडू नये म्हणून सगळ्यांनी चपला बाहेर काढायच्या, असा नियम आहे.

मुलाखत चालू असताना त्या रस्त्यावरची वाहतूक थांबते, कारण रस्त्याला एका वेळी एकच काम नीट जमतं. तुम्ही कधी मोकळ्या हायवेवर काही कारण नसताना अर्धा तास अडकला असाल आणि मग काही कारण नसतानाच सुटला असाल, तर तो रस्ता त्या वेळी आमच्याकडे होता. मारुतीबाप्पांना प्रश्न विचारायची हौस आहे, त्याला आमचा इलाज नाही.

मारुतीबाप्पा सानप संघाचे अध्यक्ष. वय बाहत्तर, पांढरा फेटा, हातात काठी. सचिव गुलाबचाचा शेख. नियमांची वही त्यांच्याकडे असते आणि ती ते आहे तशीच वाचतात, स्वतःचं काही घालत नाहीत. समितीवर तिसरे माझे वडील, दादा. सव्वीस वर्षं ट्रक चालवून त्यांची पाठ गेली, तेव्हा संघाने त्यांना खुर्ची दिली.

समिती रस्त्याला त्याची रुंदी विचारते. खानदान विचारते, म्हणजे आधी बैलगाडीची वाट होती की थेट सरकारी आखणी. देवळं किती, दर्गे किती, चहा कुणाच्या हातचा चांगला. भूमिपूजन कुणी केलं आणि त्याला जेवण काय होतं, हेही विचारते. फक्त एक प्रश्न समितीने चाळीस वर्षांत एकदाही विचारलेला नाही. तो म्हणजे, तू कुठे जातोस.

निघालेल्याला 'कुठे' विचारू नये, हे तुमच्याही घरी पाळत असतील. चपला घालताना मागून कुणी विचारलं की काम बिघडतं. मग परत यायचं, बसायचं, घोटभर पाणी प्यायचं आणि नंतर निघायचं. माणूस कधीतरी निघतो. रस्ता मात्र कायमचा निघालेलाच असतो. तेव्हा त्याला कधीच विचारायचं नाही, असं आमच्या मोठ्या माणसांनी ठरवलं आणि ठरवल्यावर पुन्हा त्याचा विचार केला नाही.

यातून गाडी पोचेल तिथे माल विकायची रीत पडली. गुवाहाटीला निघालेला कांदा उडुपीला खपला. कांदा सगळीकडे खातात, त्यामुळे तक्रार आली नाही. दादा तीन वेळा कोचीला निघाले आणि तिन्ही वेळा जबलपूरला पोचले. समुद्र त्यांनी अजून पाहिलेला नाही. मी विचारलं की म्हणतात, "जबलपूरचीही माणसं चांगली आहेत." हे उत्तर ऐकत मी मोठी झाले.

माझं नाव शिवकन्या नागरगोजे. भूगोल घेऊन बी.ए. केलं आहे, आणि एप्रिलपासून अवजड वाहनाचा परवाना आहे. दादांची गाडी आता मी चालवते. इतके दिवस जवळच्या खेपा केल्या. ही पहिली लांबची होती, आणि माल असा होता की पोचेल तिथे विकता येत नव्हता.

माल म्हणजे रेशमाचे कोष. आमच्या वस्तीवरच्या अडतीस बायकांनी यंदा पहिल्यांदाच तुती लावली, शेड उभ्या केल्या आणि अळ्या वाढवल्या. अळीला दिवसातून तीनदा पाला लागतो. ती जेवते तेव्हा शेडमध्ये पाऊस पडल्यासारखा आवाज येतो. बायकांनी महिनाभर तो आवाज ऐकत झोप काढली. बुधवारी कोष उतरवले. ते कर्नाटकात रामनगरमच्या बाजारात विकतात, साधारण साडेआठशे किलोमीटरवर. अट एकच असते. सोमवारपर्यंत आतल्या अळीचा पतंग होतो आणि तो कोष फोडून बाहेर येतो. फुटलेल्या कोषाचा सलग धागा निघत नाही. मग अडतीस शेडमध्ये शेळ्या बांधायच्या आणि तुती उपटायची, हे त्यांच्या घरच्या पुरुषांनी आधीच ठरवून ठेवलं होतं.

"शिवे," वनिताकाकू म्हणाली. ती या सगळ्या बायकांची पुढारी. "जबलपूरला कोष घेतात का गं?"

"नाही."

"मग जबलपूरला जाऊ नको."

एवढंच बोलणं झालं. गोण्या गाडीत चढल्या आणि गुरुवारी दहाला मी कार्यालयात हजर झाले.

नियमाप्रमाणे चालकाने कोपऱ्यातल्या स्टुलावर बसायचं असतं आणि बोलायचं नसतं. रस्ता पसंत पडला की समिती चालकाला कळवते. मी बसले. त्या दिवशी तीन रस्ते आले होते.

पहिला चौपदरी होता. घडी घालूनही त्याला दीड बाक लागला. अंगावर ताजे पांढरे पट्टे, मध्ये कण्हेरीची झाडं. बाप्पा त्याच्यासाठी अर्धे उठले.

"या, या. प्रवास सुखाचा झाला ना?"

"मीच प्रवास," चौपदरी नम्रपणे म्हणाला.

बाप्पांना हे उत्तर फार आवडलं. त्यांनी ते गुलाबचाचांना लिहून घ्यायला लावलं. मग वीस मिनिटं भूमिपूजनाच्या जेवणावर गेली. जेवणात बालूशाही होती. या वीस मिनिटांत कुठेतरी शेकडो गाड्या उभ्या होत्या, आणि माझ्या गाडीत अळ्या आपलं काम करत होत्या.

दुसरा दुपदरी होता. शांत, मध्यमवयीन, कडेला लिंब. तो संघाचा जुना माणूस. गेल्या पंधरा वर्षांतल्या निम्म्या खेपा त्याच्यावरून झाल्या आहेत.

"याच्यावरून गेलेली एकही गाडी हरवली नाही," बाप्पा मला ऐकू जाईल असं म्हणाले. "प्रत्येक पोरगं सुखरूप घरी आलं. मुलीच्या जातीला असाच रस्ता बरा."

तिसरा एकपदरी होता. दाराशीच उभा राहिला होता. तो अकरा वर्षं दर गुरुवारी येतो, असं नंतर कळलं. त्याची मुलाखत कायम एकाच प्रश्नाची होते.

"रुंदी?" बाप्पांनी विचारलं.

"पावणेचार मीटर."

"बरं. या."

एकपदरी वळायला लागला. त्याची कड एका बाजूने खचलेली होती, पण घडी मात्र तिघांत सगळ्यात नेटकी होती. मला तेव्हा काय झालं ते सांगता येतं. राग आला. मी स्टुलावरून उठले.

"थांबा," मी म्हणाले. "तिघांनाही एक विचारायचंय. तुम्ही कुठे जाता?"

गुलाबचाचांचं पेन थांबलं. बाप्पांनी काठी उचलली आणि कुणाला मारायची ते न सुचल्याने पुन्हा खाली ठेवली. दादांनी डोळे मिटले. पण रस्त्यांचं असं आहे की विचारलेल्याचं उत्तर ते देतातच. इतकी वर्षं त्यांना रुंदी विचारली, त्यांनी रुंदी सांगितली.

चौपदरीने मधली कण्हेर सावरली. "मी सरळ जातो," तो म्हणाला. "वेगात जातो. पण कुठे, ते मला कुणी विचारलं नाही. त्यामुळे मी ठरवलं नाही. वाटेत काही चांगलं दिसलं तर तिकडे वळतो."

"आणि तुम्ही?" मी दुपदरीला विचारलं.

"मी इथेच येतो."

"म्हणजे?"

"इथून निघतो, लांबून फिरतो आणि इथेच येतो. म्हणून तर तुमच्या गाड्या सुखरूप परत येतात." त्यात त्याला काही गैर वाटत नव्हतं. "मध्ये एक बाजार लागतो, तिथे माल विकतात."

बाप्पांनी दादांकडे पाहिलं. दादांनी जमिनीकडे पाहिलं.

"मी रामनगरमला जातो," एकपदरी दारातून म्हणाला. "कोषांच्या बाजाराच्या मागच्या फाटकाशी संपतो. समोरून एस.टी. आली तर एक चाक खाली घालावं लागतं. वाटेत अठरा गावं, एक रेल्वेचं फाटक. ते बऱ्याचदा लागलेलं असतं. घाईत असलात तर आधीच सांगतो."

"मला हाच हवा," मी म्हणाले.

"तुला काय हवं ते आम्ही विचारलंय का?" बाप्पा म्हणाले. "शिकलेल्या पोरीला एवढं कळू नये? भरल्या घरात निघालेल्याला 'कुठे' विचारलंस. एकाला नाही, तिघांना."

"चाळीस वर्षं तुम्ही विचारलं नाही, बाप्पा. माणसं जबलपूरला गेली."

"जबलपूरचं काय वाईट झालं?"

"दादांना विचारा. ते कोचीला निघाले होते."

"भूगोल शिकून रस्ता कळत नाही, पोरी."

"मग कशाने कळतो? बालूशाहीने?"

दादा खोकले. ते खोकले की मी गप्प बसावं अशी घरात पद्धत आहे. मी बसले नाही.

बाप्पांनी गुलाबचाचांना वही काढायला सांगितली. "नियम वाचा. हिची खेप आता रद्द. पुढच्या गुरुवारी पाहू."

पुढच्या गुरुवारपर्यंत गाडीत नुसते पतंग राहिले असते. हे मी सांगितलं. बाप्पा म्हणाले, नियम पतंग बघून केलेला नाही.

गुलाबचाचांनी चष्मा लावला आणि नियम वाचला. "'निघालेल्यास कुणी कुठे म्हणून विचारल्यास, ज्यास विचारले त्याने बसावे, पाणी प्यावे, आणि पुढील गुरुवारपर्यंत निघू नये.'"

"पुन्हा वाचा, चाचा," मी म्हणाले.

त्यांनी पुन्हा वाचला.

"विचारलं कुणाला?"

"रस्त्यांना."

"मला कुणी विचारलं?"

गुलाबचाचांनी वहीत पाहिलं, मग खोलीत पाहिलं. "हिला कुणी विचारलं नाही, बाप्पा. तसं वहीत बसत नाही."

"मग मी निघते. रस्ता बसेल."

बाप्पा हसले. "रस्ता इथे बसला तर तू कशावरून जाणार?"

"इथे त्याचे दोनशे मीटर आहेत. तेवढ्यांनाच मी विचारलं. ते बसतील. मी दोनशे एकाव्या मीटरपासून गाडी चालवेन."

बाप्पांनी एकपदरीला विचारलं, असं चालतं का. एकपदरी म्हणाला, बसून राहायचं आणि बोलायचं नसेल तर त्याचा बाकीचा भाग नेहमीसारखा काम करू शकतो. फक्त बसणाऱ्याजवळ कुणीतरी हवं. रस्ता एकटा ठेवला तर तो निघून जातो, तो त्याचा स्वभाव आहे.

"मी बसतो त्याच्यापाशी," दादा म्हणाले.

मी त्यांच्याकडे पाहिलं. ते माझ्याकडे न बघता पाठीमागे उशी नीट करत होते. "आठवडाभर ना? बसतो. मला नाहीतरी उभं राहवत नाही."

नियम सगळ्यांना सारखा असल्यामुळे चौपदरी आणि दुपदरीलाही बसावं लागलं. कार्यालयात सहाशे मीटर रस्ता झाला. गुलाबचाचा पाण्याचे ग्लास घेऊन फिरले. एकपदरीने अर्धाच ग्लास मागितला. जास्त पाण्याने तो उखडतो. चौपदरी म्हणाला, आपल्याला कुठेही बसून कंटाळा येतो, पण बालूशाही मिळत असेल तर हरकत नाही.

बाहेर आलो तेव्हा पुढची अडचण दिसली. रस्ता उचलला की खाली तो होण्याआधीची जमीन असते. कार्यालयाच्या अंगणापासून दोनशे मीटर लांब आणि पावणेचार मीटर रुंद असा करडईचा उभा पट्टा होता. सुकत आलेली पिवळी-केशरी फुलं, कमरेपर्यंत काटे, खाली काळी माती. पट्ट्याच्या पलीकडे रस्ता सुरू होत होता आणि स्वच्छ दिसत होता. भरलेली गाडी या मातीत शंभर टक्के रुतणार होती.

मी वनिताकाकूला फोन केला. पाऊण तासात अडतीस जणी आल्या. बरोबर नवरे आले नाहीत, त्यांना शेळ्यांचा बाजार बघायचा होता. बायकांनी पदर खोचले, पायांना पोती गुंडाळली आणि गोण्या खाली उतरवल्या.

"ही करडई कुणाची?" वनिताकाकूने विचारलं.

"आमची," मागून बाप्पा म्हणाले.

ते अनवाणीच बाहेर आले होते. काठी न टेकता पट्ट्याच्या कडेला उभे होते. "माझ्या वडिलांची. सरकारने चौऱ्याहत्तर साली नेली. काढायला आठ दिवस राहिले होते." त्यांनी एक बोंड हातात घेतलं, काटा लागला तरी सोडलं नाही. "तशीच आहे की."

मला वाटलं, आता ते म्हणतील की पिकातून गाडी घालू नका. मी उत्तर तयार ठेवलं होतं, आणि ते फार सभ्य नव्हतं.

"डाव्या अंगाने काढ," बाप्पा म्हणाले. "उजवीकडे पाण्याचा पाट होता, तिथे माती मऊ आहे. डावीकडे खाली मुरूम लागतो. आणि दुसऱ्या गिअरच्या वर जाऊ नको."

"पीक मोडेल, बाप्पा."

"पन्नास वर्षं डांबराखाली होतं. तुझ्या चाकाने काय होणार आहे? चल, ऊन वाढतंय."

बायकांनी गोण्या डोक्यावर घेतल्या. कोष हलके असतात, पण ते दाबून चालत नाहीत, म्हणून प्रत्येकीने एका वेळी एकच गोणी नेली. एकशे चोवीस गोण्या होत्या. करडईतून डोक्यावर गोण्या घेतलेल्या बायकांची रांग जात होती आणि काट्यांना नावं ठेवत होती. सखूबाई म्हणाली, सासूपेक्षा बोचरं काहीतरी असतं हे आज कळलं. तिची सासू तिच्या मागेच गोणी घेऊन होती. ती म्हणाली, "तोंड चालव, पण पाय त्याहून जोरात चालव."

मी रिकामी गाडी डावीकडून घातली. बाप्पा पुढे उलटे चालत, हात हलवत मला वाट दाखवत होते. दोनदा चाक फिरलं. दोनदा बायकांनी गोण्या पलीकडे ठेवून येऊन मागून रेटा दिला. तिसऱ्यांदा गाडी अडली तेव्हा बाप्पांनी डोक्यावरचा फेटा सोडला आणि चाकाखाली घातला. तो आठ मीटर लांबीचा होता, बरोबर तेवढीच वाट उरली होती. पुढची चाकं डांबरावर चढली आणि एकपदरीने कड थोडी आत घेऊन मला जागा दिली.

गोण्या पुन्हा भरल्या. दुपारचे दोन वाजले होते. बाप्पा खिडकीपाशी आले. काहीतरी विचारायचं होतं त्यांना, तोंड उघडलं आणि मिटलं. मग वनिताकाकूकडे वळून म्हणाले, "या करडईला विळा लागेल. कुणाकडे आहे?"

मी निघाले.

एकपदरीने सांगितलं होतं तसंच सगळं होतं. अठरा गावं लागली. समोरून एस.टी. आली की मी एक चाक खाली घातलं, दोनदा एस.टी.ने घातलं. रेल्वेचं फाटक लागलेलंच होतं. मी गोण्यांवरची ताडपत्री सैल करून वारा दिला आणि थांबले. एका ठिकाणी चौपदरी शेजारून गेला, रुंद आणि चकचकीत. त्याच्यावरून आमच्या तालुक्याच्या नंबराची एक कांद्याची गाडी फार वेगात चालली होती. चालकाने मला हात केला. मीही केला. तो कुठे पोचणार होता ते त्याला ठाऊक नव्हतं, पण खुशीत दिसला.

शनिवारी सकाळी सहा चाळीसला रस्ता संपला. समोर हिरव्या रंगाचं लोखंडी फाटक होतं. फाटकावरच्या माणसाने गाडीचा नंबर वाचला, मग आत जाऊन एक जुनी फाइल घेऊन आला. अर्धं मराठी, अर्धं हिंदी करत म्हणाला, "तुमच्या संघाला आम्ही दर वर्षी पत्र पाठवतो, माल पाठवा म्हणून. दर वर्षी उत्तर येतं, 'पाठवला आहे'."

"आला का कधी?"

"तुम्ही पहिल्या."

त्याने एका गोणीत हात घालून कोष काढला आणि माझ्या कानाशी धरून हलवला. आत अळी आकसून सुटी झाली की कोष खुळखुळ्यासारखा वाजतो. वाजला म्हणजे शाबूत. त्याने दुसऱ्या गोणीतला काढला, तोही वाजला. मग तो हलवत गेला आणि मी ऐकत गेले. एकशे चोवीस गोण्यांतून एकेक. एकही मुका निघाला नाही. वनिताकाकूला फोन लावून मी शेवटचा कोष फोनपाशी हलवला. तिच्या मागे कुणीतरी शेळीला हाकलत होतं.

गोण्या लिलावाच्या ओट्यावर गेल्यावर मी केबिनमध्ये बसून खेपेचा कागद काढला. हा कागद संघ प्रत्येक चालकाला देतो आणि परत आल्यावर जमा करून घेतो. त्यावर दोनच रकाने छापलेले आहेत, 'निघाल्याची वेळ' आणि 'परत आल्याची वेळ'. मी कडेला पट्टी धरून दोन्हींच्या मध्ये एक उभी रेघ मारली, वर 'पोचल्याची वेळ' असं लिहिलं, आणि खाली सहा चाळीस भरलं.

एकपदरीने पोचल्याची सही मागितली. मी खाली उतरून, जिथे तो संपतो तिथे, खडूने केली.